वाळूत चप्पल वाजत नाही

कोल्हापूरच्या माणसाला जगाच्या पाठीवर कुठंही नेऊन सोडा, त्याचं तिथलं पहिलं वाक्य "आमच्याकडं" या शब्दानंच सुरू होतं. आमच्या कट्ट्यावरचे एकजण नायगारा बघून आले. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. ते म्हणाले, "बरा आहे. पण आमच्याकडं राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे एकदम उघडले की..." पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नायगारा तिथल्या तिथं आटला. दुसरे एकजण स्वित्झर्लंडला गेले होते. ते तिथल्या गाईंवर नाराज. दूध पातळ म्हणे. एका शेतकऱ्याला त्यांनी गंगावेशीत येऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिण्याचं आग्रहाचं निमंत्रण देऊन टाकलं, पण ते मराठीत दिल्यामुळं त्या माणसाचं येणं जरा लांबलंय.

मीही याच वाणाचा. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात जन्म गेला, त्यामुळं दुसऱ्याचं माप आपल्या काट्यावर करून घ्यायची सवय हाडात मुरलेली. पोरगी पॅरिसला असते. तिच्याकडं गेलो, तिनं कौतुकानं आयफेल टॉवर दाखवला. मी खालपासून वरपर्यंत बघून घेतला आणि म्हणालो, "उंची आहे, मान्य. पण आमच्याकडं पन्हाळ्यावरनं..." जावई हसले, पोरगी हसली नाही. लूव्रमध्ये "आमच्याकडं न्यू पॅलेसला" झालं. सीन नदीच्या काठावर "आमच्याकडं पंचगंगा" झालं. त्यात राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे मी जावयांना हातानं पातळी दाखवून समजावलं. त्यांनी ते फार नम्रपणे समजून घेतलं. सीनची धोक्याची पातळी किती, हे मात्र त्या बिचाऱ्यांना सांगता आलं नाही.

त्या रात्री पोरगी लॅपटॉप घेऊन बसली. जिथं नदी नाही, म्हैस नाही, ऊस नाही, रस्सा नाही आणि कोल्हापूरचा दुसरा माणूस तर नाहीच नाही, अशी जागा ती शोधत होती. सकाळी तिनं आमच्या हातात तिकिटं ठेवली.

"बाबा, आता बघूच तिथं काय म्हणताय ते."

गावाचं नाव जानेत. मी लगेच कट्ट्यावर फोन लावला.

"कुठं चाललाय म्हणं?"

"जानेतला."

"जानेवारीत ते झालंच हो. पण कुठं?"

"जानेतलाच. अल्जेरियात आहे."

"अल्जेरियात कुठं?"

"सहारात."

पलीकडं शांतता. मग काळजीचा आवाज आला, "पैसं अडाकलं न्हाईत न्हवं तिकडं?"

अल्जेरिया हा क्षेत्रफळानं आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश आणि त्याचा बहुतेक भाग सहारा. राजधानी अल्जीयर्स वर समुद्राकाठी. जानेत खाली आग्नेय कोपऱ्यात, राजधानीपासून रस्त्यानं दोन हजारांहून जास्त किलोमीटर, लिबियाच्या सरहद्दीजवळ. माणसं तुआरेग. पॅरिसहून हिवाळ्यात थेट विमान असतं. ही सगळी माहिती पोरगीनं दिली आणि जाताना आईच्या हातात एक छोटी वही ठेवली. बाबा "आमच्याकडं" म्हणाले की वहीत एक रेघ ओढायची. आमची ही महिला बचत गटाची खजिनदार आहे. तिच्या हातात वही पडली की माणसाचं काही खरं नसतं.

"पै-पैचा हिशेब ठेवतो मी," ती म्हणाली, "ह्यांचा नाही ठेवणार होय?"

सामान भरताना पहिला खटका उडाला. वाळवंट म्हणजे ऊन, असा माझा साधा हिशेब. मी सुती शर्ट भरले. हिनं जावयाला भेट म्हणून आणलेलं घोंगडं त्याच्याच पलंगावरनं ओढून पिशवीत कोंबलं.

"अगं, सहारात घोंगडं? लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही कुडकुडायला लागला की मी हसतो."

सोबत कांदा-लसूण मसाल्याची पुडी होती. ती कशाला हे मी विचारलं नाही. कोल्हापूरची बाई पुडीशिवाय वेशीबाहेर पडत नाही.

विमान रात्री उतरलं. विमानतळ छोटा. तिथल्या साहेबानं पिशवी उघडली आणि ती लाल पूड बाहेर काढून दिव्याखाली धरली. त्यानं फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. हिनं मराठीत उत्तर दिलं, "चटणी हाय. वास घेऊन बघा." शब्द कळले नसतील, पण त्यानं वास घेतला. मग शिंकला. मग शेजारचा साहेब बघायला आला, तोही शिंकला. आमच्या मागं रांगेत उभी असलेली फ्रेंच मंडळी एकेक करून शिंकायला लागली तेव्हा त्यांनी घाईनं शिक्का मारून आम्हाला मोकळं केलं. बाहेर आलो तर थंडी अशी की सुती शर्टाची कॉलर वर करून काही उपयोग नव्हता. मी घोंगड्याकडं बघितलं. ही हसली. ठरल्याप्रमाणंच.

तासिली नाज्जेर हा जानेतभोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे, 1982 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि परदेशी माणसाला तिथं स्थानिक वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. आमच्या वाट्याला आलेला वाटाड्या उंच, सडपातळ, डोक्यापासून हनुवटीपर्यंत निळं कापड गुंडाळलेला. इंग्रजी त्याचंही मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं.

"कुठून आलात?"

"पॅरिसहून," मी जरा भाव खात म्हणालो.

"पॅरिस बघितलंय मी," तो म्हणाला. "टॉवर ठीक आहे. पण माणसानं बसायचं कुठं? आमच्या जानेतमध्ये..."

मी गाडीतच थबकलो. वही हातात धरलेल्या बायकोनंही त्याच्याकडं वळून बघितलं. पोरगीनं कोल्हापूरचा दुसरा माणूस नसलेलं गाव शोधलं होतं खरं. तिथं हा पहिलाच भेटला.

त्यानंतर आमची जी जुगलबंदी सुरू झाली, तिच्यात सहारा मागं पडला. तो खजुराच्या बागा दाखवायचा, मी ऊस सांगायचो. तो म्हणायचा, इथलं आकाश जगात कुठं नाही. मी रंकाळ्यावरची संध्याकाळ काढायचो. जानेतमध्ये जुन्या वस्त्या आहेत, टेकडीच्या अंगाला दगडमातीच्या. त्यातल्या एल मिहान आणि अझेलुआझ या दोन वस्त्यांमध्ये मोहरमच्या दहाव्या दिवशी सबैबा नावाचा सोहळा होतो. बायका ढोल वाजवून गातात, पुरुष मुखवटे लावून, तलवारी घेऊन नाचतात आणि दोन्ही वस्त्या आपलाच ताफा सरस म्हणून जिवाचा आटापिटा करतात. 2014 मध्ये युनेस्कोनं त्याचीही नोंद घेतली. हे ऐकून मला राहवेना.

"हे आमच्याकडं रोज असतं," मी म्हणालो. "पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम. फुटबॉल. शाहू स्टेडियमवर या एकदा. नाचायची गरज नाही, निव्वळ बघून अंगात येतं."

वहीत रेघ पडली. पण फुटबॉलचं नाव काढून मी मोठी आफत ओढवून घेतली होती. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि 1982 च्या विश्वचषकात अल्जेरियानं पश्चिम जर्मनीला 2-1 असं कसं हरवलं ते सांगायला लागला. त्याचं वय बघता तेव्हा त्याचा जन्म तरी झाला होता का, शंकाच आहे. पण दोन्ही गोल जणू त्याच्या गल्लीतल्या पोरांनीच मारले होते. शेवटी त्यानं मला सरळ विचारलं, "तुमचा तो क्लब विश्वचषकात कोणत्या साली खेळला?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. वाळवंट खरंच फार विस्तीर्ण आहे.

जानेतजवळ एर्ग आदमेर नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. मुक्काम तिथंच. मी मुद्दाम कापशी चप्पल घालून गेलो होतो. कापशीची शान तिच्या आवाजात असते. महाद्वार रोडवरनं ती घालून चाललं की दुकानदार मान वर करून बघतात. मी गाडीतनं रुबाबात उतरलो, दहा पावलं टाकली. आवाज नाही. टाच जोरात आपटली. तरी नाही. वाळूनं तिचा सगळा माज गिळून टाकला. वाटाड्या माझ्या पायांकडं टक लावून बघत होता.

"पायाला दुखापत?" त्यानं विचारलं.

त्याच्या पायात तुआरेगांची ती रुंद, सपाट तळव्याची चामडी चप्पल. तिच्यात पाऊल वाळूत बुडत नाही. माझी प्रत्येक पावलाला बुडत होती आणि वर येताना पसाभर वाळू घेऊन येत होती. तरी मी त्याला 2019 मध्ये आमच्या चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन सांगितलं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून मिळालं, तेही सांगितलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "रात्री चप्पल बाहेर ठेवू नका. सकाळी झटकून घाला. आत विंचू असतो."

"आमच्या चपलेत विंचू असतोच," मी म्हणालो. आवाजासाठी कापशीत जे बसवतात त्याला आमच्याकडं विंचूच म्हणतात, हे त्या मोडक्या इंग्रजीत समजावेपर्यंत तो चार पावलं मागं सरकला होता.

पहाटे उठलो. वाळवंटात त्या कामाला आडोसा हवा तर टेकडी ओलांडावी लागते. मी पाण्याची बाटली घेऊन निघालो. पहिल्या टेकडीमागं गेलो तर तिथनं आमचा तंबू दिसत होता, म्हणजे तंबूतनं मीही दिसत असणार. दुसरी ओलांडली. मग मर्यादाशील स्वभावामुळं तिसरी. परत यायला वळलो तर टेकड्या सगळ्या एका साच्यातल्या. तंबू गायब. मी हाका मारल्या. आमच्या गल्लीत माझी हाक तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते, इथं ती चपलेच्याच वाटेनं गेली. कट्ट्यावर माझ्याविषयी काय काय बोललं जाईल हे मला दिसायला लागलं. "पैसं अडाकलं हुतं म्हणं तिकडं," हे तर नक्कीच.

तेवढ्यात टेकडीवरनं वाटाड्या निवांत चालत आला. हातात चहाचा पेला, मागं घोंगडं पांघरून आमची ही. माझ्याच पावलांवरनं आले होते. वाटाड्या खाली बघत हिला सगळं वाचून दाखवत होता.

"इथं थांबला. दमला. इथं पुन्हा थांबला. शरीर जड आहे. डावीकडं झुकून चालतो. इथं वाट चुकली, हे त्याला कळलं."

"कशावरनं?" ही म्हणाली.

"पावलं जवळजवळ पडली. घाबरला."

हिनं वही काढली. "ह्याची रेघ नाही," ती मला म्हणाली, "पण लिहून ठेवतो."

चहा हा तिथला खरा कार्यक्रम. हिरवी चहापत्ती, छोटी किटली, निखारे आणि साखर. साखरेचा गडी असल्यानं माझं लक्ष तिच्यावरच. त्यानं मूठभर टाकली. मला बरं वाटलं. मग आणखी टाकली. आणखी टाकली तेव्हा निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच मला आपल्या धंद्याच्या भवितव्याची काळजी मिटल्यासारखं झालं. मग उंचावरनं पेल्यात ओतणं, पुन्हा किटलीत, पुन्हा पेल्यात, वर फेस येईपर्यंत. हे इतका वेळ चाललं की मधे मी एक डुलकी काढली. अखेर बोटभर पेला हातात आला. जहाल कडू. घटकन पिऊन मी "बरं, चला" म्हणत उठलो.

कुणीच उठलं नाही. ही तर मांडी घालून आणखी ऐसपैस झाली.

"बसा हो. तीन असतात."

त्याच पत्तीवर पुन्हा पाणी, पुन्हा साखर, पुन्हा तेच ओतणं. दुसरा पेला बेताचा, तिसरा गोड. तिसऱ्याच्या आधी उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. स्टँडवर एक पाय रिक्षात ठेवून चहा पिणाऱ्या माणसाला हे सोसत नाही. पण तिसऱ्या पेल्यापर्यंत बसलं की एक होतं, बढाया संपतात. आम्ही दोघंही गप्प झालो होतो. हिनं वही मिटून ठेवली होती.

आमच्याबरोबर एक वयस्कर स्वयंपाकी होता. तुआरेग पुरुष वयात आले की तोंड झाकतात, बायका झाकत नाहीत. वाटाड्या तरुण, त्याचं कापड सोयीनं खाली यायचं. पण या म्हाताऱ्याच्या नाकाखालचा भाग आम्ही बघितलाच नव्हता. तो जेवायचाही कापडाच्या आतनं. एका हातानं कापड किंचित पुढं, दुसऱ्या हातानं घास आत, सगळं इतकं सफाईनं की काही कळायचंच नाही. त्याला मिशा आहेत की नाहीत, यावर आमच्या दोघांत पैज लागली.

त्या रात्री त्यानं तागेला केली. रव्याची जाड भाकरी, निखारे बाजूला सारून गरम वाळूत पुरायची, वर पुन्हा वाळू आणि निखारे. ही शेजारी बसून सगळं बघत होती आणि मला मराठीत विचारत होती, "कचकचंल का हो?" भाकरी बाहेर आली. त्यानं ती झोडपली, खरवडली, पाण्यानं धुतली, तुकडे करून मटणाच्या रश्शात कालवली. कचकचली नाही. हिनं ते मान्य केलं, पण रस्सा फिकाच आहे असा निकाल देऊन पुडी बाहेर काढली.

मला माझा डाव दिसला. कांदा-लसूण मसाला पडला की कापड खाली येणार, मिशा दिसणार. मी वाटाड्याला आधीच बजावलं, "सांभाळून. तिखट आहे." तो हसला. वाळवंटातल्या माणसाला तिखटाची भीती घालतोस? पहिल्याच घासाला त्याचं कापड गळ्यात आलं, दुसऱ्याला डोक्यावरनं सुटलं, मग तो उठून पाण्याच्या डब्याकडं गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी म्हाताऱ्याकडं बघत होतो. त्यानं घास आत नेला. डोळे लाल झाले. डोळ्यांतनं पाणी आलं. कापड तसूभर हललं नाही. त्यानं शांतपणे हात पुढं केला आणि हिच्याकडं आणखी चिमूटभर मागितली.

त्याच्यासमोर कमी पडायला नको म्हणून मीही चिमूटभर जास्त घेतली. मला ठसका लागला तो तिसऱ्या टेकडीपर्यंत ऐकू गेला असणार. हाका मारताना हा आवाज कुठं होता कोण जाणे. निघताना हिनं उरलेली पुडी त्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. त्यानं बदल्यात खजूर दिले. मिशांचं शेवटपर्यंत कळलं नाही.

जानेतच्या बाजारात मी ते निळं कापड, टागेलमुस्त, घ्यायला गेलो. पाच-पाच मीटर लांबीचं असतं. दुकानदारानं दोन ठेवली. एक स्वस्त, झगमगीत, कुठल्यातरी गिरणीतलं. दुसरं महाग. नायजेरियातल्या कानोच्या बाजूला निळीत भिजवून, कुटून कुटून चकाकी आणलेलं. हिनं महाग कापडावरनं बोट फिरवलं. बोट निळं झालं.

"रंग जातोय!" ती किंचाळली. "हे दादा, रंग जाणारं कापड महाग लावताय व्हय? आमच्याकडं लक्ष्मीपुरीत असलं कुणी दारात उभं करणार नाही."

दुकानदारानं वाटाड्याकडनं सगळं समजून घेतलं आणि अभिमानानं हात वर केला. रंग जातो म्हणूनच तर अस्सल. तो कातडीवर उतरतो. तुआरेगांना निळे लोक म्हणतात ते यामुळंच. न जाणारं ते नकली. सगळा जन्म "रंग जाणार नाही ना?" विचारण्यात घालवलेल्या बाईला हे पचायला जड गेलं. तिनं घासाघीस केली ती मात्र अस्सल लक्ष्मीपुरीची. रंग जातो म्हणून किंमत कमी करा, ही तिची मागणी आणि रंग जातो म्हणूनच किंमत जास्त आहे, हा त्याचा हेका. अर्धा तास दोघंही एकच वाक्य बोलत होते.

वाटाड्यानं माझ्या डोक्याला ते बांधायला घेतलं. मला फेटाही बांधता येत नाही. लग्नात फेटेवाला नसला की मी मागच्या रांगेत बसतो. त्यानं दोनदा शिकवलं, दोन्ही वेळा ते माझ्या डोळ्यांवर आलं. हिनं ते ओढून घेतलं, एक टोक दातात धरलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत माझं डोकं, कान, नाक, तोंड चोख बांधून टाकलं. दुकानातले सगळे बघत राहिले.

"हिला हे कुणी शिकवलं?" वाटाड्यानं विचारलं.

राजारामपुरीतल्या धुरळ्यानं, असं मी त्या कापडाच्या आतनं सांगितलं, पण ऐकू गेलं नाही. आमच्या शहरातल्या निम्म्या बायका स्कार्फनं असंच तोंड बांधून स्कूटीवरनं फिरतात. फक्त तिथं पुरुष तोंड उघडं ठेवतात आणि त्याचा त्रास सगळ्यांना होतो.

(पोरगीच्या घरी ते कापड चुकून मशीनमध्ये गेलं. जावयांच्या ऑफिसच्या शर्टांनी तुआरेग संस्कृती स्वीकारली. घोंगडं गेल्यावरही ते काही बोलले नव्हते, याही वेळी बोलले नाहीत. माणूस लाख.)

गावाबाहेर तेगरगार्त इथं एका एकाट खडकाच्या पायथ्याशी गाई कोरलेल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या. सहारा तेव्हा हिरवा होता, गवत होतं, गुरं होती. त्या खडकावरच्या लांब शिंगांच्या गाईंच्या डोळ्यांतनं आसवं ओघळतात. रडणाऱ्या गाई म्हणूनच त्या प्रसिद्ध. पाणी आटत चाललं म्हणून त्या रडतात, असं तिथले लोक सांगतात. रेषा इतक्या सफाईदार की कोरणाऱ्यानं आयुष्यभर गाई वळल्या असणार, यात संशय नाही. तासिलीच्या पठारावर अशी पंधरा हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीव कामं आहेत. पण वर जायचं तर गाढवावर सामान लादून चढायचं, म्हणून आम्ही खालनंच नमस्कार केला.

वाटाड्या हलक्या आवाजात सांगत होता. फ्रेंच पर्यटक टोप्या काढून उभे होते. मी बराच वेळ गाईंकडं बघितलं. तोंडापर्यंत आलेलं मी दोनदा गिळलं.

"म्हणा," ही म्हणाली, "म्हणून टाका. छातीत अडकंल."

"किती लिटर देत असतील गं?"

तिनं रेघ ओढली नाही. 'आमच्याकडं' हा शब्द त्यात नव्हता. नियम म्हणजे नियम.

शेवटच्या संध्याकाळी आगीजवळ बसलो होतो. एक बाई इम्झाद वाजवत होती. एका तारेचं वाद्य, ते फक्त बायकांनीच वाजवायचं. वाटाड्या तीन हिनानची गोष्ट सांगायला लागला. तुआरेगांची मूळ आई, उत्तरेकडनं उंटावर बसून वाळवंट पार करून आलेली राणी. तामानरासेतकडं अबालेसा इथं तिचं म्हणून दाखवतात ते थडगं आहे, 1925 मध्ये उकरलं गेलं. आत दागिन्यांनी मढवलेला सांगाडा होता. तो आता अल्जीयर्सच्या संग्रहालयात आहे. "अशी राणी जगात कुठं नाही," वाटाड्यानं ठासून सांगितलं.

मी गप्प होतो. चहाचा तिसरा पेला झाला होता. आणि माझ्या उजव्या हाताकडनं आवाज आला, "आमच्याकडं ताराराणी!"

ही उठून उभी राहिली होती. पुढची काही मिनिटं सहारानं मराठीतनं इतिहास ऐकला. 1700 साली राजाराम महाराज गेले, पंचविशीतली बाई, पदरात लहान पोर, समोर औरंगजेब. सात वर्षं झुंजवला त्याला. तो इथल्या मातीत गेला, बाई हटली नाही. कावळा नाक्यावर घोड्यावर पुतळा आहे तिचा, येऊन बघा. हिनं लगाम ओढून दाखवला, तलवार उपसून दाखवली. भाषा कुणाला कळली नाही, पण घोडा सगळ्यांना कळला. इम्झाद वाजवणारी बाई थांबून टाळ्या वाजवायला लागली. वाटाड्या जो गप्प झाला तो पहिल्यांदाच. मी वहीकडं हात केला. हिनं ती पदराखाली सारली.

मग दोघी बायकांचं जमलं. वाटाड्या दुभाषा. मला वाटलं, दागिन्यांचं वगैरे बोलतील. हिनं पहिलाच प्रश्न विचारला, "घर कुणाच्या नावावर असतंय तुमच्यात?"

वाटाड्या म्हणाला, "तंबू बायकोचा."

"म्हणजे दोघांचा?"

"नाही. बायकोचा. लग्नात तिच्या घरून येतो."

"आणि पटलं नाही तर?"

"तंबू तिचा तिच्याकडं. नवरा उंट घेऊन आईकडं जातो."

ही हळूहळू माझ्याकडं वळली. आगीच्या उजेडात मला तिचा चेहरा पूर्ण दिसत होता. माझा, सुदैवानं, झाकलेला होता. टागेलमुस्तचा शोध पुरुषांनी का लावला असेल, याविषयी अभ्यासक वाळू, ऊन, मर्यादा अशी बरीच कारणं देतात.

"आपलं घर कुणाच्या नावावर आहे हो?" तिनं विचारलं.

"आपल्याकडं..." मी म्हणालो आणि थांबलो. तिनं वही उघडून बरोबर एक रेघ ओढली.

पॅरिसला परत आल्यावर पोरगीनं वही मागून घेतली. रेघांनी पानं भरली होती. मधलं एक पान फाटलेलं होतं. ते का, हे मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिनं मला चहा दिला. एकामागून एक तीन दिले.

ज्यांना जानेतला जायचंय त्यांनी खुशाल जावं. हिवाळ्यात जावं, पण स्वेटर घेऊन. चप्पल झटकून घालावी, आडोशासाठी एकापेक्षा जास्त टेकड्या ओलांडू नयेत आणि निळं कापड वेगळ्या बादलीत भिजवावं. नवरेमंडळींसाठी एक जादा माहिती: राहतं घर बक्षीसपत्रानं बायकोच्या नावावर करायचं झालं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, वरचा खर्च निराळा. "लई खर्च येतो" ही सबब चालत नाही. मी सांगून बघितली.